युरोपातील संग्रहालयांमधील आधुनिक व समकालीन कलेची प्रदर्शने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा सहलीसाठी जाणाऱ्या मराठी वाचकांना तिथल्या कलासंग्रहालयांविषयी जे प्रश्न पडतात, त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. विषय विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजपर्यंतची कला आणि तिची प्रदर्शने एवढाच आहे.

संग्रहालये ‘आधुनिक’ आणि ‘समकालीन’ हे शब्द वेगवेगळे का वापरतात?

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, परंतु संग्रहालयांच्या व्यवहारात त्यांना काळाच्या सीमा आहेत. पॅरिसने ही वाटणी बरीच काटेकोरपणे केली आहे : लूव्रमध्ये साधारणपणे १८४८ पर्यंतची कला, ओर्से संग्रहालयात १८४८ ते १९१४ या काळातली, आणि १९०५ पासून पुढची पॉम्पिदू केंद्रातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. ‘समकालीन’ कलेचा आरंभ बहुतेक ठिकाणी १९६० च्या दशकापासून किंवा त्यानंतर धरला जातो, आणि तिच्यात चित्र-शिल्पांबरोबर मांडणशिल्पे, व्हिडिओ, ध्वनी आणि सादरीकरणेही येतात. पिकासो आणि मातीस यांच्या ओढीने निघालेल्याने प्रदर्शनाच्या नावातला हा शब्द तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्यावा.

संग्रहालयाचा कायम संग्रह असताना वेगळे तिकीट काढून तात्पुरते प्रदर्शन का पाहावे?

कायम संग्रहातील चित्रे त्या संग्रहालयाच्या मालकीची असतात आणि आज राहिली तर पुढच्या खेपेला पाहता येतील, असे बहुधा म्हणता येते. तात्पुरत्या प्रदर्शनाचे तसे नसते. एखाद्या चित्रकाराच्या सिंहावलोकनी प्रदर्शनासाठी वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांकडून आणि खासगी संग्राहकांकडून चित्रे उसनी मागवली जातात, प्रत्येक चित्रासाठी मालकाशी स्वतंत्र करार होतो, त्याच्या मापाची लाकडी पेटी तयार होते, मौल्यवान कृतीबरोबर मालक संग्रहालयाचा माणूस प्रवास करतो, आणि पेटी उघडताना व बंद करताना चित्राच्या पृष्ठभागाची बारीक नोंद केली जाते. विम्याचा खर्च एवढा मोठा असतो की ब्रिटनसारख्या देशात सरकारच नुकसानभरपाईची हमी घेते. या सगळ्या खटाटोपाची तयारी काही वर्षे चालते आणि तिच्यातून उभे राहिलेले प्रदर्शन बहुधा तीन ते पाच महिने टिकते. मग चित्रे आपापल्या घरी जातात, आणि ती सगळी पुन्हा एका छताखाली येण्याचा योग आपल्या हयातीत येईलच असे नाही.

कागदावरच्या कामांना तर काळाची आणखी कडक मर्यादा असते. जलरंग, रेखाटने, छापचित्रे आणि छायाचित्रे प्रकाशाने कायमची फिकट होतात, म्हणून ती सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) एवढ्या मंद उजेडात आणि काही महिनेच दाखवली जातात. त्यानंतर त्यांना दीर्घकाळ अंधारात विश्रांती दिली जाते. दालनात उजेड कमी आहे अशी तक्रार पुष्कळ प्रेक्षक करतात. तो उजेड चित्रांच्या आयुष्यासाठी कमी ठेवलेला असतो, आणि डोळे काही मिनिटांत त्याला सरावतात.

माझ्या दृष्टीने याहूनही मोठे कारण वेगळे आहे. चांगले प्रदर्शन म्हणजे चित्रांच्या शेजारातून केलेले एक विधान असते. कोणते चित्र कोणाच्या बाजूला लावले, कोणते एकटे ठेवले, कोणत्या दालनातून कोणत्या दालनात नेले, यांतून क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी करणारा, काहीतरी म्हणत असतो, आणि ते म्हणणे प्रेक्षकाने पटवून घ्यावे किंवा नाकारावे अशी अपेक्षा असते. सुट्या चित्रांची उत्तम छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात, परंतु हा शेजार दालनात उभे राहूनच अनुभवता येतो.

सध्या कुठे काय सुरू आहे हे कसे कळेल, आणि प्रवासाची आखणी कधी करावी?

त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील ‘सध्याची’ आणि ‘आगामी’ प्रदर्शने ही दोन पाने सर्वांत विश्वसनीय असतात, कारण सहलींच्या जुन्या याद्यांमध्ये संपलेली प्रदर्शने तशीच राहून जातात. मोठी संग्रहालये पुढच्या वर्षाचा कार्यक्रम आधीच जाहीर करतात. मोठी प्रदर्शने वसंत आणि शरद ऋतूंत सुरू होण्याची प्रथा आहे, म्हणून एका प्रदर्शनाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ यांमधल्या दोन-तीन आठवड्यांत गेल्यास प्रदर्शनाची दालने बंद मिळण्याची शक्यता असते. मे-जूनच्या सुट्टीत किंवा दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी उद्घाटनाची आणि समारोपाची अशा दोन्ही तारखा पाहूनच विमानाचे तिकीट काढावे. शेवटच्या आठवड्यात गर्दी फार असते. शक्य असल्यास तो आठवडा टाळावा.

पॉम्पिदू केंद्र बंद आहे असे ऐकले. मग पॅरिसमध्ये आधुनिक कला कुठे पाहावी?

होय. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांच्या आराखड्यातून उभी राहिलेली आणि १९७७ मध्ये खुली झालेली ती रंगीत नळ्यांची इमारत सप्टेंबर २०२५ मध्ये प्रेक्षकांसाठी पूर्ण बंद झाली, आणि ती २०३० मध्ये उघडण्याचे नियोजन आहे. बांधकामातील ॲस्बेस्टॉस काढणे, अग्निसुरक्षा सुधारणे आणि ऊर्जेचा वापर कमी करणे ही त्यामागची मुख्य कारणे आहेत. या काळात तिथला संग्रह इतरत्र फिरतो आहे : पॅरिसच्या ग्राँ पॅले या इमारतीत पॉम्पिदूच्या सहकार्याने प्रदर्शने भरतात, आणि मेत्झ शहरातील पॉम्पिदूची शाखा, जी शिगेरू बान यांनी रचली आणि २०१० मध्ये उघडली, पॅरिसहून वेगवान रेल्वेने दीड तासाच्या आत गाठता येते.

पॅरिसमध्येच राहायचे असेल तर शहराचे आधुनिक कला संग्रहालय पाहावे, असा माझा आग्रह राहील. परदेशी पर्यटकांच्या यादीत ते फारसे नसते आणि त्याचा कायम संग्रह विनामूल्य आहे. तिथे राऊल द्युफी यांचे ‘विजेची परी’ हे १९३७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी रंगवलेले अवाढव्य चित्र आहे. २५० फलक जोडून झालेले, सुमारे ६०० चौरस मीटरचे हे चित्र प्रेक्षकाला तिन्ही बाजूंनी वेढते, आणि त्यात विजेच्या शोधाशी संबंधित तत्त्वज्ञ व शास्त्रज्ञांची अक्षरशः जत्रा भरलेली आहे. याशिवाय ओराँजरीतील मोने यांची कमळतळी, पिकासो संग्रहालय, आणि खासगी संस्थांपैकी फ्राँक गेरी यांच्या इमारतीतील लुई व्हितॉं प्रतिष्ठान आणि तादाओ आंदो यांनी आतून नवी रचना दिलेले बूर्स द कोमेर्स ही ठिकाणे आहेतच.

एकाच शहरासाठी वेळ असेल तर कोणते निवडावे?

बहुतेक जण लंडन किंवा पॅरिस सुचवतील. मी स्वित्झर्लंडमधील बाझल सुचवते. शहर लहान आहे, ट्रामने सगळीकडे जाता येते, आणि कलेशी तिथल्या सामान्य नागरिकांचे नाते असे आहे की त्याला मला दुसरे उदाहरण माहीत नाही.

१९६७ मध्ये एका संग्राहक कुटुंबाला, त्यांचा मोठा वाटा असलेल्या विमान कंपनीच्या अपघातानंतर, पैशांची निकड लागली आणि बाझलच्या कुन्स्टम्युझियमला उसनी दिलेली पिकासो यांची दोन चित्रे विकण्याची वेळ आली. किंमत ८४ लाख फ्रँक ठरली. त्यांपैकी ६० लाख सार्वजनिक तिजोरीतून द्यावेत की नाही, यावर डिसेंबर १९६७ मध्ये शहरात जनमत घेण्यात आले. उरलेली रक्कम जमवण्यासाठी लोकांनी रस्त्यांवर ‘भिकाऱ्यांचा उत्सव’ भरवून वर्गणी गोळा केली. मतदारांनी खर्चाला होकार दिला आणि ‘दोन भाऊ’ व ‘बसलेला विदूषक’ ही चित्रे शहरातच राहिली. हे कळल्यावर पिकासो इतके हेलावले की त्यांनी आपली आणखी चार कामे बाझलला भेट दिली. कर भरणाऱ्या लोकांनी मतपेटीतून चित्र विकत घेतल्याची ही हकीकत डोक्यात ठेवून त्या दालनात उभे राहावे. चित्राकडे पाहण्याची नजर बदलते.

त्याच संग्रहालयात फ्रान्झ मार्क यांचे ‘प्राण्यांची नियती’ हे १९१३ चे चित्र आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. शहराच्या कडेला रीहेन येथे, ६ क्रमांकाच्या ट्रामवर, बायेलर प्रतिष्ठानाचे १९९७ मध्ये उघडलेले संग्रहालय आहे. रेंझो पियानो यांनीच रचलेली ही इमारत छतातून झिरपणाऱ्या दिवसाच्या उजेडात चित्रे दाखवते, आणि मोने यांच्या कमळांच्या दालनाबाहेर खरोखरचे तळे आहे. जूनमध्ये बाझलचा कलाबाजार भरतो तेव्हा हॉटेलांचे दर फार वाढतात, एवढी एक सूचना.

लंडनच्या टेट मॉडर्नला प्रवेश खरोखर विनामूल्य आहे का?

कायम संग्रहासाठी आहे. तात्पुरत्या प्रदर्शनांना तिकीट लागते. १६ ते २५ वयोगटातील कोणालाही, तो कोणत्याही देशाचा असला तरी, टेटच्या तरुणांसाठीच्या विनामूल्य योजनेत नाव नोंदवून प्रदर्शनांची तिकिटे ५ पौंडांत मिळतात. लंडनमध्ये शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ही योजना ठाऊक असते.

टेट मॉडर्न टेम्सकाठच्या एका जुन्या वीजकेंद्रात २००० मध्ये सुरू झाले, आणि त्याचे टर्बाइनचे प्रचंड दालन हाच त्याचा आत्मा आहे. तिथे दरवर्षी एका कलावंताला त्या जागेसाठी नवे काम करण्यास सांगितले जाते. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांनी २००२ मध्ये तीन पोलादी कड्यांवर लाल रंगाचा पडदा ताणून ‘मार्सियास’ हे शिल्प उभारले. सुमारे दीडशे मीटर लांबीच्या त्या दालनात ते असे पसरले होते की कोणत्याही एका ठिकाणी उभे राहून ते पूर्ण दिसत नसे. आय वेवे यांनी २०१० मध्ये सूर्यफुलाच्या बियांसारख्या, चिनी मातीच्या १० कोटी बिया अंथरल्या, आणि त्याआधी २००७ मध्ये डोरिस साल्सेदो यांनी दालनाच्या जमिनीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेग पाडली. ती भेग नंतर बुजवण्यात आली, परंतु तिचा व्रण फरशीवर अजून दिसतो. संपलेल्या प्रदर्शनाची अशी खूण फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

पिकासो यांचे ‘गेर्निका’ कधी दुसऱ्या शहरातील प्रदर्शनात येईल का?

त्यासाठी माद्रिदलाच जावे लागेल. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका या बास्क गावावर बॉम्बवर्षाव झाला आणि काही आठवड्यांतच पिकासो यांनी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातील स्पॅनिश दालनासाठी हे सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद चित्र पूर्ण केले. पुढे ते गुंडाळून पुष्कळ फिरले, अनेक वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहिले, १९८१ मध्ये स्पेनमध्ये आले आणि १९९२ पासून रेइना सोफिया संग्रहालयात आहे. त्या प्रवासांनी रंगांच्या थरांचे इतके नुकसान झाले आहे की आता ते हलवले जात नाही. १९९७ मध्ये बिल्बाओच्या नव्या गुगेनहाइम संग्रहालयाने, म्हणजे बास्क प्रदेशानेच, उद्घाटनासाठी ते मागितले होते, तेव्हाही नकार मिळाला. चित्र घडत असताना छायाचित्रकार दोरा मार यांनी टिपलेली छायाचित्रे जवळच लावलेली असतात. ती आधी पाहावीत, म्हणजे घोडा, बैल आणि दिवा यांच्या जागा किती वेळा बदलल्या ते कळते. येथे मंगळवारी सुट्टी असते.

युरोपातील संग्रहालयांत आपल्या चित्रकारांची प्रदर्शने होतात का?

होतात, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती वाढली आहेत. मराठी प्रेक्षकाने या प्रश्नावर थोडे थांबावे, कारण या प्रदर्शनांचे धागे वारंवार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत, गोव्यापर्यंत आणि नागपूरपर्यंत येऊन पोहोचतात.

सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर जे. जे. मध्ये शिकले, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या गटाचे संस्थापक सदस्य झाले आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन पॉम्पिदू केंद्रात २०२३ च्या फेब्रुवारी ते मे या काळात झाले; ज्या शहरात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग काढला, त्या शहराच्या मुख्य आधुनिक कला संग्रहालयाने त्यांना त्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी हे स्थान दिले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा १९४९ मध्ये लंडनला गेले, आणि त्यांचे १९५९ चे ‘क्रुसिफिक्शन’ टेटच्या संग्रहात आहे. गोव्यातील कॅथलिक बालपणातली भीती आणि भक्ती त्या काळ्या, टोकदार रेषांत एकत्र आली आहे. गोव्याच्या जुन्या चर्चमधल्या मूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते चित्र ओळखीचे वाटेल असे मला वाटते.

२०१५ च्या शरद ऋतूत एक योगायोग घडला, ज्याची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली गेली नाही. व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात वासुदेव गायतोंडे यांचे प्रदर्शन भरले होते आणि त्याच वेळी माद्रिदच्या रेइना सोफियात नसरीन मोहमदी यांचे. मूळ गोव्याच्या कुटुंबात, नागपूरला जन्मलेले आणि गिरगावच्या चाळीत वाढलेले गायतोंडे, आणि त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान असलेल्या नसरीन, या दोघांचे स्टुडिओ एके काळी मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये होते. एकाने रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि खरवडत कॅनव्हासला पाण्यासारखी खोली दिली. दुसरीने शाई आणि पेन्सिलीच्या तिरप्या रेषांनी कोरा कागद श्वास घेतो आहे असे वाटायला लावले. समुद्राकाठच्या त्या एका इमारतीतून निघालेल्या दोन वाटा अर्ध्या शतकानंतर युरोपातील दोन शहरांत एकाच वेळी प्रकट झाल्या.

जे. जे. च्याच विद्यार्थिनी नलिनी मालानी यांचे प्रदर्शन २०१७-१८ मध्ये पॉम्पिदूत झाले. चार्टर्ड अकाउंटंट असलेले आणि स्वतःच्या बळावर चित्रकार झालेले, मुंबईत जन्मलेले भूपेन खख्खर यांचे प्रदर्शन टेट मॉडर्नमध्ये २०१६ मध्ये झाले. लंडनच्या बार्बिकन केंद्राने ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात भारतातील १९७५ ते १९९८ या वर्षांच्या कलेचे प्रदर्शन भरवले होते. आणीबाणीपासून पोखरणच्या अणुचाचणीपर्यंतचा तो काळ, आणि त्यातील तीस कलावंतांमध्ये ठाण्याचे रेडिओलॉजिस्ट चित्रकार सुधीर पटवर्धन आणि नागपूरचे सवींद्र सावरकर होते. सावरकरांनी अस्पृश्यतेचा अनुभव चित्रात आणताना गळ्यात मडके बांधलेल्या माणसाची प्रतिमा वापरली आहे. तिचा अर्थ महाराष्ट्रात सांगावा लागत नाही. जर्मनीतील कासेल येथे भरणाऱ्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात २०२२ मध्ये मुंबईचे अमोल पाटील सहभागी होते. त्यांचे आजोबा पोवाडे रचणारे आणि वडील नाटककार होते, आणि त्यांच्या कामात सफाई कामगार, चाळ आणि शाहिरी एकत्र येतात.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली होती, हे विसरू नये. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी १९४० च्या दशकात आपल्या तरुण चित्रकारांना युरोपीय आधुनिक कलेची ओळख करून दिली, त्यांची चित्रे विकत घेतली आणि त्यांच्याविषयी लिहिले.

अमूर्त चित्रासमोर उभे राहिल्यावर काय पाहायचे? ‘हे तर लहान मूलही काढेल’ असे वाटते, ते चूक आहे का?

तसे वाटणे चूक नाही, परंतु तिथेच थांबणे हे आपले नुकसान आहे. ‘हे कशाचे चित्र आहे’ हा प्रश्न काही मिनिटे बाजूला ठेवून, रंग कशाने लावला, कडा धारदार आहे की विरघळलेली, नजर पहिल्यांदा कुठे जाते आणि मग कुठे फिरते, जवळ गेल्यावर काय बदलते, एवढेच पाहावे. रागदारीत आलापाचा अर्थ आपण शब्दांत विचारत नाही. तो कसा चढतो आणि कुठे विसावतो ते ऐकतो. अमूर्त चित्राला तीच सवय लावून घ्यावी.

तज्ज्ञांनाही येथे नव्याने पाहावे लागते. ड्युसेलडॉर्फच्या के-२० संग्रहालयात पीट मॉन्द्रियान यांचे ‘न्यूयॉर्क सिटी १’ हे रंगीत चिकटपट्ट्यांचे १९४१ चे काम आहे. मॉन्द्रियान प्रदर्शनाची तयारी करताना २०२२ मध्ये तिथल्या क्युरेटरच्या लक्षात आले की ते अनेक दशके उलटे लावले जात आहे. चित्रकाराच्या स्टुडिओच्या जुन्या छायाचित्रात दाट पट्ट्या वरच्या बाजूला होत्या. तरीही चित्र सुलटे केले गेले नाही, कारण इतक्या वर्षांनी सुकलेल्या पट्ट्या फिरवल्यावर आपल्याच वजनाने सुटून येतील. ही गोष्ट अमूर्त कलेची टवाळी करण्यासाठी बरेचदा सांगितली जाते. मला तिच्यात उलटे दिसते : एका माणसाने बारीक पाहिले आणि पाऊणशे वर्षांची समजूत बदलली.

हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीचे उदाहरण आणखी मोठे आहे. १९०६ पासून त्या अमूर्त चित्रे करीत होत्या, म्हणजे अमूर्ततेचे जनक म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांच्या आधीपासून. पण आपल्या मृत्यूनंतर किमान वीस वर्षे ही चित्रे दाखवू नयेत अशी त्यांची इच्छा होती. १९४४ मध्ये त्या वारल्या. स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युसेएटने २०१३ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, ते बर्लिन आणि मालागा येथे गेले, आणि कलेच्या इतिहासाचे पहिले प्रकरणच पुन्हा लिहावे लागले. आफ क्लिंट आणि मॉन्द्रियान या दोघांवरही थिऑसॉफी या गूढवादी आध्यात्मिक विचारपंथाचा प्रभाव होता. त्याच थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक १८७९ मध्ये भारतात आले तेव्हा मद्रासजवळच्या अड्यारला जाण्यापूर्वी त्यांनी मुक्काम ठोकला होता तो गिरगावातच.

जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये चित्रांशेजारी मालकीचा इतका सविस्तर इतिहास का लिहिलेला असतो?

जुलै १९३७ मध्ये म्युनिकला नाझींनी ‘अधोगत कला’ नावाचे प्रदर्शन उघडले. जर्मन संग्रहालयांतून जप्त केलेली सुमारे ६५० कामे त्यात हेटाळणीच्या मजकुरासह दाटीवाटीने टांगलेली होती. जप्त केलेल्या एकूण कामांची संख्या हजारोंच्या घरात होती. त्यांतली काही जाळली गेली, काही परदेशी विकली गेली. शिवाय ज्यू कुटुंबांकडून लुबाडलेली किंवा जिवाच्या भीतीने त्यांनी कवडीमोलाने विकलेली चित्रे वेगळीच. १९९८ मध्ये ४४ देशांनी वॉशिंग्टन येथे अशा कलाकृतींचा शोध घेण्याची तत्त्वे मान्य केली, आणि तेव्हापासून चित्र १९३३ ते १९४५ या काळात कोणाच्या हाती होते हे तपासणे आणि प्रसिद्ध करणे हे संग्रहालयांचे काम ठरले.

बाझलच्या कुन्स्टम्युझियमने १९३९ मध्ये अशी २१ कामे विकत घेतली. त्यांतलेच एक म्हणजे मार्क यांचे ‘प्राण्यांची नियती’. मार्क पहिल्या महायुद्धात मारले गेले, चित्राचा उजवा भाग गोदामाच्या आगीत होरपळला, आणि त्यांचे मित्र पॉल क्ले यांनी तो दुरुस्त केला. पण मूळ रंगांची नक्कल न करता त्यांनी तो भाग तपकिरी छटांत ठेवला. दुरुस्तीचा तो सांधा आजही दिसतो. जर्मनीने घालवलेले चित्र स्वित्झर्लंडने घेतले, हे वाचवणे होते की अगतिक विक्रीचा फायदा घेणे, याची उलटतपासणी संग्रहालयाने स्वतःच्याच प्रदर्शनातून २०२२-२३ मध्ये केली. संस्थेने आपला भूतकाळ असा भिंतीवर टांगून दाखवणे मला फार मोलाचे वाटते.

व्हेनिस बिएनाले आणि डॉक्युमेंटा ही संग्रहालयांची प्रदर्शने आहेत का?

नाहीत, पण समकालीन कलेत पुढे काय दिसणार याची चाहूल तिथे लागते. व्हेनिसची बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे प्रदर्शन, १८९५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात मध्यवर्ती प्रदर्शनाबरोबर देशोदेशींची दालने असतात. २०२६ ची आवृत्ती ९ मे ते २२ नोव्हेंबर अशी आहे. तिची संकल्पना ठरवणाऱ्या कोयो कुओ यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले, आणि प्रदर्शन त्यांच्याच आराखड्यानुसार करण्याचा निर्णय झाला. भारताचे अधिकृत दालन अनेक आवृत्त्यांत नव्हते. २०१९ च्या दालनात नंदलाल बोस यांची काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठीची चित्रे आणि मुंबईच्या अतुल दोडिया व जितिश कल्लाट यांची कामे होती. कासेलची डॉक्युमेंटा दर पाच वर्षांनी शंभर दिवस भरते. पुढची १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ या काळात आहे.

तिकीट, सुट्टी, व्हिसा, छायाचित्रे यांविषयी काय लक्षात ठेवावे?

मोठ्या प्रदर्शनांची तिकिटे ठरावीक वेळेची असतात आणि ती आधीच काढावी लागतात. जर्मनीत बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, माद्रिदच्या रेइना सोफियाप्रमाणे व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइमलाही मंगळवारी सुट्टी असते. ओर्सेला महिन्याचा पहिला रविवार विनामूल्य असतो, पण त्यासाठीही वेळ आरक्षित करावी लागते. युरोपबाहेरच्या पर्यटकांना वेगळा दर लावण्याची सुरुवात लूव्रने जानेवारी २०२६ पासून केली आहे, तेव्हा जुन्या दरांवर विसंबू नये. स्वित्झर्लंड शेंगेन व्हिसात येतो. लंडनसाठी ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो. छायाचित्रांना कायम संग्रहात बहुधा परवानगी असते, तात्पुरत्या प्रदर्शनात मालकांच्या अटींमुळे कधी नसते. फ्लॅश कुठेच वापरू नये. पाठीवरची सॅक क्लोकरूममध्ये ठेवावी किंवा पोटाशी धरावी, कारण मागे वळताना तिचा धक्का चित्राला लागू शकतो.

लहान मुलांना बरोबर न्यावे का?

जरूर न्यावे, परंतु दोन दालनांपेक्षा अधिक दाखवण्याचा हट्ट धरू नये. कोपनहेगनहून लोकल रेल्वेने पाऊण तासाच्या आत गाठता येणारे लुइझियाना संग्रहालय मुलांसाठी मला सर्वांत योग्य वाटते : समुद्राकाठची हिरवळ, तिच्यावर काल्डर यांची हलणारी शिल्पे, आणि मुलांना रंग-माती हाताळता येईल असा स्वतंत्र विभाग.

एका प्रदर्शनाला किती वेळ द्यावा?

निदान दोन तास, आणि त्या दिवशी दुसरे काही नाही. प्रथम सगळ्या दालनांतून न थांबता एक फेरी मारावी, म्हणजे मांडणीचा ओघ कळतो. मग परत सुरुवातीला येऊन चार-पाच कामे निवडावीत आणि प्रत्येकासमोर दहा-दहा मिनिटे बसावे. भिंतीवरचा मजकूर चित्र पाहून झाल्यावर वाचावा. कॅटलॉग जड आणि महाग असतो, तरी ज्या प्रदर्शनाने मन धरले त्याचा घ्यावा, कारण उधार आलेली चित्रे परतल्यावर त्या शेजाराची तेवढीच नोंद उरते.

युरोपला जाणे शक्यच नसेल तर?

रेइना सोफिया, टेट आणि बाझलचे कुन्स्टम्युझियम यांचे संग्रह संकेतस्थळांवर पाहता येतात. पण मुंबईत असाल तर त्याआधी काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जावे. सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून असलेल्या त्या गोलाकार जिन्याच्या इमारतीत, पॅरिस आणि व्हेनिसच्या भिंतींवर गेलेल्या याच चित्रकारांची प्रदर्शने भरत असतात, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी गेल्यास एखाद्या कॅनव्हाससमोर हवा तितका वेळ निवांत बसता येते.